रक्ताचे नसलेले नातलग

रक्ताच्या कर्करोगाशी मुंबईचे नाते जुने आहे आणि त्याची सुरुवात एका श्रीमंत घरात होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात या आजाराने गेल्या. पैशाला तोटा नव्हता, पण औषध जगात कुणाकडेच नव्हते. पुढच्याच वर्षी दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे न्यास स्थापला आणि काही आठवड्यांत तेही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तरीही हा आजार झालेले लेकरू घेऊन आईबाप आले, तर त्यांना धीर देण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

औषधाची वाट सापडली अमेरिकेत, आणि त्या वाटेवर आपला एक माणूस भेटतो. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव सासऱ्यांचे पैसे आणि एका धर्मादाय निधीची मदत घेऊन १९२३ साली बोस्टनला पोचले. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिड तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना वाटले, की या जीवनसत्त्वाच्या जातीची द्रव्ये दिली की मुलांचा रोग उलट जोर धरतो. मग त्याची वाट अडवणारे औषध दिले तर? तेही सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेतून आले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले: १६ मुलांपैकी १० जणांना उतार पडला होता. तो टिकला काही महिनेच. पण मरणपंथाला लागलेले पोर उठून खेळताना आईबापांनी प्रथमच पाहिले. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

रेडिओवर बोलतो आहे, म्हणून याच वर्षीची रेडिओची गोष्ट सांगायलाच हवी. २२ मे १९४८ च्या रात्री एका अमेरिकी कार्यक्रमात निवेदक फार्बर यांच्या एका बालरुग्णाशी बोलत होता. मुलाचे खरे नाव लपवून त्याला ‘जिमी’ म्हटले होते. बोलता बोलता त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू एकेक करून खोलीत शिरले. सामने पाहायला जिमीला टेलिव्हिजन संच हवा आहे, श्रोत्यांनी पैसे पाठवावेत, एवढेच आवाहन होते. जमले २ लाख ३१ हजार डॉलरच्या वर! जिमीला ल्युकेमिया नव्हता, आतड्यातला दुसरा कर्करोग होता. पण त्याच्या नावाच्या निधीवर फार्बर यांचे काम उभे राहिले. तो मुलगा वाचला, ट्रक चालवू लागला, आजोबा झाला, हे जगाला कळले पन्नास वर्षांनी.

परळला खरा फरक पडला तो १९८४ नंतर. अमेरिकी तज्ज्ञांच्या सहकार्याने इथल्या परिस्थितीला झेपेल अशी औषधांची एक आखीव पद्धत ठरली. मुंबई, दिल्ली आणि चेन्नईला ती वापरली गेली. पूर्वी पाचात एखादेच मूल वाचे, आता निम्म्याच्या आसपास वाचू लागली.

आणि इथे एक विचित्र अडचण पुढे आली. उपचार चालतात दोन ते तीन वर्षे, पण पहिल्या महिन्यातच ताप जातो, मूल खाऊ-खेळू लागते. मुंबईत खोली नाही, बापाचा रोज बुडालेला, धाकटी भावंडे गावी आजीकडे, पेरणी तोंडावर. पोर तर बरे दिसते आहे! कुटुंब गाडी पकडते, आणि काही महिन्यांनी रोग परततो. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ते पदपथावर झोपत होते. औषधांनी मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली आणलेल्या असतात. अशा मुलाला परळच्या धुळीत नि डासांत झोपवणे म्हणजे साध्या तापाने त्याला घालवणे. त्याच्यासाठी छप्पर हा औषधाचाच भाग आहे.

हे आपल्याकडे गाडगेबाबांनी फार आधी ओळखले होते. रुग्णाच्या नातलगांचे हाल पाहून त्यांनी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परळचे रुग्ण उतरतात. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था केवळ कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी मोफत घरे चालवते आहे. कॉटनग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींतही तिची घरे आहेत. याला दान म्हणा, जकात म्हणा, वर्गणी म्हणा. आम्ही कवी मंडळी ‘रक्ताचे नाते’ हा शब्द फार सहज वापरतो, पण इथे रक्ताच्या नात्यातले गावी राहिलेले असतात आणि रक्त द्यायला अनोळखी माणूस येतो.

या घरांत स्वयंपाकघर सामाईक असते. बीडची बाई भाकरी थापते, शेजारी बिहारची बाई भात रांधते. दोघींची भाषा वेगळी, पण गोळ्यांची नावे दोघींना पाठ असतात. त्यातली आठवड्यातून एकदा द्यायची गोळी असते मेथोट्रेक्सेटची, सुब्बारावांच्या त्या पहिल्या औषधाच्या धाकट्या भावंडाची. ती दिली, की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची आणि पुढचा वार मोजायचा.