गृध्रसी व अहिफेन : वैद्यक-बाडांच्या कालनिर्णयाचें एक साधन

जुन्या दप्तरांत वतनाच्या कागदांखालीं वैद्यकाचीं बाडें पुष्कळदां सांपडतात. त्यांत सन नसतो, कर्त्याचें नांव नसतें, व औषधांच्या याद्यांतून इतिहास तो काय निघणार, असें समजून संग्राहक तीं बाजूस ठेवितात. परंतु जुनाट कंबरदुखीवरील पानें घेतलीं तर हा समज टिकत नाहीं. त्या उपायांत अफू आहे कीं नाहीं, एवढ्या एका प्रश्नानें ग्रंथाचा काल व वैद्यकाची दृष्टि या दोहोंवर प्रकाश पडतो.

कंबरेपासून पायांत उतरणाऱ्या व्यथेचें शास्त्रीय नांव गृध्रसी. चरकानें सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायांत वाताचे ८० विकार मोजले आहेत. त्यांत गृध्रसी, त्रिकग्रह व पृष्ठग्रह हे निरनिराळे दिले आहेत. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत गृध्रसीची वेदना नितंबांत सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल अशी क्रमानें उतरते, असें वर्णन आहे. पाय उचलण्यास अडथळा होतो, हें लक्षण सुश्रुत नोंदवितो.

उपायांत चरक शिरावेध, बस्ति व अग्निकर्म सांगतो. सुश्रुताच्या मतें गुडघ्याच्या सांध्याच्या वर किंवा खालीं चार अंगुळांवर शीर वेधावी. अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्त गोमूत्राबरोबर एरंडेल एक महिना घेण्यास सांगतो. यांत गुंगी आणणारें द्रव्य नाहीं.

यावरून प्राचीनांनीं अफू जाणूनबुजून वर्ज्य केली, असें मात्र म्हणतां येत नाहीं. चरक, सुश्रुत व वाग्भट या तिघांच्याहि संहितांत अहिफेनाचें नांव नाहीं. तें द्रव्य त्यांच्या औषधिसंग्रहांतच नव्हतें. तेराव्या-चौदाव्या शतकांतील शार्ङ्गधरसंहितेंत तें भांगेच्या जोडीनें, पचण्यापूर्वींच शरीरभर पसरणाऱ्या ‘व्यवायि’ द्रव्याचें उदाहरण म्हणून येतें. तथापि मादक द्रव्यानें वेदना बोथट होते, हें सुश्रुतास ठाऊक होतें. वेदना न सोसणाऱ्यास शस्त्रकर्मापूर्वीं तीक्ष्ण मद्य पाजावें, असें त्यानें सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायांत लिहिलें आहे. तेथें मद्याचें प्रयोजन शस्त्रकर्माच्या वेळेपुरतें आहे. गृध्रसीसारख्या चिवट रोगास त्यानें शिरावेध सांगितला. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

संशोधकास यांतून एक नियम मिळतो. बाडांत अहिफेन आलें असेल, तर तो भाग संहिताकालीन नव्हे, मध्ययुगीन किंवा त्यानंतरचा. अहिफेन नसेल, तर कांहींच सिद्ध होत नाहीं. कारण जुना पाठ अलीकडील लेखकूनेंहि उतरलेला असूं शकतो. शिवाय अफूचा उल्लेख मूळ ओळींत आहे, कीं समासांत निराळ्या शाईनें मागाहून चढविला आहे, हें पाहिल्याखेरीज पाठाचा काल व प्रतीचा काल यांची गल्लत होते.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सेर्ट्यूर्नरनें अफूपासून मॉर्फीन निराळें काढलें, आणि इ. स. १८५३ पासून तें कातडीखालीं टोंचून घालण्याची सोय झाली. तात्पुरत्या वेदनेचें औषध अशा रीतीनें जुनाट वेदनेसहि लागू झालें. परंतु इ. स. २०१८ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत, पाठ, कंबर अथवा खुबा-गुडघ्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांत, बारा महिन्यांअंतीं अफूवर्गीय औषधें इतर औषधांहून सरस ठरलीं नाहींत. इ. स. २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनेंहि जुनाट कंबरदुखीस तीं नेहमींचा उपचार म्हणून देऊं नयेत असें सांगून व्यायाम व रुग्णशिक्षण यांचा पुरस्कार केला. यानें शिरावेध किंवा डाग देणें खरें ठरत नाहीं. परंतु दीर्घ व्यथेस गुंगी हा उपाय नव्हे, एवढें ठरतें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं कंबर व पाठ यांवरील पानांची नक्कल समासांतील मजकुरासह करून ठेवावी. रुग्णाच्या वेदनेचा इतिहास मोडी दप्तरांत क्वचितच मिळतो. तो या पानांत आहे.