राखुंडीपासून पिचकारीपर्यंत

आमच्या सीमाभागाचा इतिहास लिहिताना आपण किल्ले मोजतो, तह तपासतो, सावंतवाडीकर आणि फिरंगी यांच्यात कोणता गाव कधी कुणाकडे गेला याचा खल करतो. पण रोज उजाडल्याबरोबर माणूस पहिले काम करतो ते दात घासण्याचे, आणि त्याचा इतिहास काही कुणी मनावर घेत नाही. वास्तविक राज्ये बदलली तरी न बदललेल्या गोष्टी शोधायच्या तर त्या न्हाणीघराच्या पायरीवर अधिक सापडतात. मी पेडणे आणि डिचोली या दोन महालांत कामानिमित्त आणि नातेसंबंधांनिमित्त खूप हिंडलो. त्या हिंडण्यात जे पाहिले, ऐकले आणि पुढे वाचले, त्याची ही जुळणी.

डिचोली आणि साखळी पोर्तुगीजांनी १७८१-८२च्या सुमारास घेतली, पेडणे १७८८मध्ये त्यांच्याकडे गेले. या नव्या काबिजादी. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, इन्क्विझिशनने १७३६च्या आदेशाने नवख्रिस्तींच्या कितीतरी घरगुती रीतींना मनाई केली होती. नव्या काबिजादी हाती आल्या तेव्हा तो जोर ओसरला होता आणि इथल्या लोकांच्या चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण आले होते. त्यामुळे तेरेखोलच्या अलीकडे वाडीकरांचे राज्य आणि पलीकडे फिरंग्यांचे असले, तरी दोन्ही तीरांवर सकाळचे दात एकाच तऱ्हेने घासले जात.

ती तऱ्हा कोणती? ज्याच्या परड्यात जे असेल ते. आंब्याचे पान चुरगळून बोटाभोवती गुंडाळायचे आणि दातांवरून फिरवायचे, मग त्याच पानाची शीर काढून जिभळी करायची. खाडीकाठी करंजाची काडी, देवळाजवळ वडाची पारंबी, पावसाळ्यात कुंपणाला आघाडा. काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला तयार. यातले काही खेडवळ म्हणून हसण्यासारखे नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दातवणाचे माप दिले आहे: लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीच्या टोकाएवढी, आणि हिरड्यांना इजा होऊ न देता ते वापरावे अशी सूचना. हिरडीची ही काळजी लक्षात ठेवावी. आपल्या लेखाचा सारा भार पुढे तिच्यावरच येणार आहे.

काडी नसेल तेव्हा राखुंडी. शेणीची किंवा भाताच्या तुसाची राख, कुटलेला कोळसा, आणि असले तर चिमूटभर मीठ. पेडण्याला मिठाची वाण नव्हती. शापोरा नदीच्या काठी आगरवाड्याची मिठागरे आहेत आणि गावाचे नावच ती साक्ष देते. पण मीठ ही नुसती चवीची वस्तू नव्हती, ती सरकारची वस्तू होती. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि व्यापारावर इंग्रजांचा ताबा आला, तो १८९२पर्यंत राहिला. मिठावर पोट असलेल्या आगरांना त्याची झळ लागली. पुढे १९३०मध्ये, पेडण्यापासून फार दूर नसलेल्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. राखुंडीतली ती चिमूट किती राजकारणातून येत होती, हे दात घासणाऱ्याच्या गावीही नसेल.

आता एक बारकावा. दाताला दोन बाजू असतात असे मी म्हणतो: एक लोकांची, एक आपली. जी हसताना दिसते ती लोकांची. दोन दातांमधली फट आणि हिरडीची कड ही आपली, कारण तिथे काय चालले आहे ते फक्त आपल्याला, आणि तेही उशिरा, कळते. राखुंडी, पान, काडी ही सारी साधने मुख्यतः दर्शनी बाजूची. फटीसाठी आमच्याकडे दोनच उपाय होते. एक, माडाच्या झापातला हीर. जेवण झाले की केरसुणीतला नव्हे, मुद्दाम काढलेला हीर सोलून दात कोरत बसणे हा ओसरीवरचा ठरलेला कार्यक्रम. दात कोरून पोट भरत नाही हे खरे, पण दात मात्र त्यामुळे काही काळ टिकत.

दुसरा उपाय पाण्याचा. खळखळून चूळ भरणे. आयुर्वेदात त्याचेही शास्त्र आहे. तोंड इतके भरून घ्यायचे की आतला द्रव हलवताच येऊ नये, तो गंडूष; आणि आत खेळवता येईल इतकाच घ्यायचा, तो कवल. म्हणजे पाणी जिथे काडी जात नाही तिथे जाते, ते हलले पाहिजे, आणि हलण्याला जोर हवा, एवढा विचार आपल्याकडे पूर्वीच झालेला होता. उणे होते ते जोराचे. गालांच्या स्नायूंना जेवढे जमेल तेवढेच.

तोंडाची दुर्गंधी झाकण्याचा तिसरा मार्ग म्हणजे विडा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये गोव्यात आला. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात पान, सुपारी आणि काथ यांवर त्याने लिहिले आहे, आणि मोठ्या माणसाच्या भेटीला जाताना तोंडाला वास येऊ नये म्हणून लोक विडा खातात ही गोष्टही त्याने टिपली आहे. लोकांच्या बाजूची काळजी तेव्हाही आधी!

या साऱ्यात एक वैरीण दबक्या पावलांनी घरात शिरली, ती मशेरी. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. राखुंडीसारखीच दिसते, तशीच बोटाने लावतात, म्हणून ती दंतमंजनात खपून गेली. माझी आजी डिचोलीकडची. पहाटे चुलीपाशी बसून ती मशेरी भाजायची आणि त्या वासाने आम्ही मुले जागी व्हायचो. दिवसातून चार वेळा ती बोट फिरवी. ‘दातांका बरी’ असे तिचे म्हणणे. पन्नाशीच्या आत तिच्या तोंडात दात उरला नाही. एकही किडलेला नव्हता. चांगले पांढरे दात एकेक करून हलले आणि पडले. शेवटी ती भाकरी दुधात कुस्करून खाई, आणि चणे-फुटाण्यांचा पुडा आम्हां मुलांच्या हातात देऊन नुसती बघत बसे. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी पुस्तकात शिकलो नाही.

ती गेली त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका दंतवैद्याने मला उलगडून सांगितले, की दात कीड लागून जातात त्यापेक्षा वेगळी एक वाट आहे. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्याचे किटण होते, हिरडी सुजते, मग दाताला धरून ठेवणारे हाडच झिजते. बहुतेक वेळा दुखत नाही. तंबाखूने हा आजार वाढतो आणि वर हिरडीतून रक्त येण्याची खूणही झाकली जाते. म्हणजे चोर आत आणि कुत्रे भुंकत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. केंद्र सरकारने १९९२मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली, आणि गोव्याने २००५मध्ये गुटख्याला. पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कुठला कायदा अडवणार?

ब्रश आमच्याकडे उशिरा आला, आणि आला तोही संशयाच्या धुक्यात. डुकराच्या केसांचे ब्रश चीनमध्ये पंधराव्या शतकात होते. इंग्लंडात विल्यम ॲडिसने १७८०च्या सुमारास ब्रशांचा कारखाना काढला. केस जनावराचे, ते तोंडात घालायचे, ही कल्पना आमच्याकडच्या हिंदूला काय आणि मुसलमानाला काय, कशी रुचावी? १९३८मध्ये अमेरिकेत नायलॉनचे ब्रश निघाले आणि सोवळ्याओवळ्याचा तो प्रश्न आपोआप मिटला. कोलगेट भारतात १९३७मध्ये आली. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२मध्ये विको सुरू केली आणि वज्रदंती घरोघर गेली. बिटको आणि माकडछाप काळी पावडर यांनी तर राखुंडीला डब्यात बसवून प्रतिष्ठा दिली. आज फोंडा महालातल्या कुंडईला कोलगेटचाच कारखाना आहे. राखुंडी करणाऱ्यांची नातवंडे पेस्ट करणाऱ्या यंत्रांवर काम करतात, असेही म्हणता येईल.

दाताचा शिकलेला डॉक्टर मात्र दुर्मीळ होता. पणजीत १८४२मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, तिथून डॉक्टर आफ्रिकेपर्यंत गेले. पण दातांसाठी वेगळे महाविद्यालय मुंबईत नायरचे १९३३चे, आणि गोव्यात तर थेट १९८०मध्ये निघाले. ते आज बांबोळीला आहे. तोवर पेडण्या-डिचोलीत दात म्हणजे दुखला की उपटायची वस्तू. फट आणि हिरडी यांविषयी बोलणारे कुणी नव्हते.

पाश्चात्त्यांकडे फटीचा विचार न्यू ऑर्लीन्सच्या लेव्ही पार्म्ली या दंतवैद्याने केला. १८१५च्या सुमारास तो रोग्यांना रेशमी दोरा दातांमधून ओढायला सांगत असे. दोऱ्याची युक्ती चांगली, पण ती हातांच्या चलाखीवर अवलंबून. पुढे १९६२मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावी जेराल्ड मोयर हा दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हा अभियंता यांनी पाण्याचे यंत्र केले. पंपाने पाण्याची बारीक धार ठोके देत सोडायची, मिनिटाला बाराशेच्या आसपास. गोवा स्वतंत्र होऊन तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. आपला कवलच तो. गालांचा जोर तेवढा पंपाने घेतला.

हे यंत्र आता आमच्या बाजारातही आले आहे. पेडण्याला दिलेली माझी धाकटी बहीण मध्यंतरी विचारत होती, “दादा, तां दात धुवचां मशीन घेवंया काय रे?” तिला मधुमेह आहे, दोन दातांवर ब्रिज आहे, आणि सांधेदुखीने बोटे आखडलेली. आमच्या आजीचीच हिरडी तिच्याही वाट्याला आली आहे. म्हणून मी हा प्रश्न चेष्टेवारी नेला नाही. चौकशी करून जे समजले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, हे यंत्र ब्रशाच्या जागी नाही, ब्रशाच्या जोडीला आहे. दिवसातून दोनदा फ्लोराईडच्या पेस्टने घासणे सुटत नाही. जमलेले किटण धारेने निघत नाही, ते डॉक्टरकडूनच काढून घ्यावे लागते. २०१९मध्ये कॉक्रेन संस्थेने जगभरच्या चाचण्या पडताळल्या. ब्रशाला फटींच्या सफाईची जोड दिली तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते असे तिला दिसले, पण पुरावा फार पक्का नाही हेही तिने मोकळेपणाने म्हटले. ज्याची बोटे चालतात आणि फटी रुंद आहेत, त्याला फटीत घालायचा बारका ब्रश स्वस्तात पडतो. ज्याला ब्रिज, तारा किंवा इम्प्लांट आहे, किंवा दोरा धरवत नाही, त्याला पिचकारीचा खरा उपयोग.

दुसरी गोष्ट, जात निवडण्याची. एक टेबलावर ठेवायचे, त्याची टाकी सहाशे मिलिलिटरच्या आसपास, दीड मिनिट पुरते. दुसरे हातात धरायचे, बॅटरीचे, टाकी दीडशे ते तीनशे मिलिलिटर. ते दोन-तीनदा भरावे लागते, पण न्हाणीघरात विजेचे बटण नसले तरी चालते. आखडलेल्या बोटांना भरलेले हातातले यंत्र जड जाते, म्हणून तिला मी टेबलावरचे सुचवले. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने आणले तर त्यावर १२० व्होल्टचा शिक्का आहे का ते आधी पाहावे. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ते जळून जाईल. आखातातले बहुधा चालते. जोर कमी-जास्त करता येणारेच घ्यावे आणि सुरुवात सर्वांत कमी जोराने करावी. हिरडीला इजा न होऊ देण्याची वाग्भटाची अट इथेही लागू. पाणी कोमट, धार हिरडीच्या कडेला काटकोनात, तोंड बेसिनवर वाकलेले. रक्त येतच राहिले तर यंत्र नव्हे, डॉक्टर बदलून पाहावा; पण दाखवावे जरूर. नुकतीच तोंडाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल तर आधी विचारूनच वापरावे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती इथल्या मातीचीच आहे. डिचोलीतल्या शिरगावसारख्या गावांत खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि विहिरी, झरे आटले. तो वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढे गोव्यातल्या खाणी २०१२मध्ये थांबल्या. गढूळ पाण्याने यंत्राचे बारीक तोंड बुजते, म्हणून टाकीत गाळून उकळलेले पाणी घालावे आणि वापरानंतर टाकी रिकामी करून वाळवावी. पेडण्याच्या नळाला चांदेलच्या प्रकल्पाचे पाणी येते, आणि त्याला तिळारीच्या कालव्याचा आधार आहे. १९९०मध्ये महाराष्ट्र आणि गोवा यांनी करार केला त्या प्रकल्पाचे ते पाणी, दोडामार्गाकडून उतरलेले. कालव्याला भगदाड पडले की पेडण्या-डिचोलीत घागरी रिकाम्या राहतात. अशा दिवसांत पिचकारी कपाटात ठेवावी आणि अर्ध्या तांब्यात खळखळून चूळ भरावी. जुनी माणसे तेच करीत होती.

सांगायचा मुद्दा इतकाच. वस्तू महाग की स्वस्त, देशी की परदेशी, हा खरा प्रश्न नाही. ती दाताच्या कोणत्या बाजूला पोचते, हा आहे. दीडदोनशे वर्षांत आपण राखुंडीची पेस्ट केली, काडीचा ब्रश केला, आणि लोकांची बाजू पुष्कळ उजळली. आपली बाजू मात्र हिराच्या काडीवरच सोडून दिली होती. ज्यांच्या घरात अजून कुणी आजी, काकी, मावशी पहाटे मशेरी भाजत असेल, त्यांनी यंत्राचा विचार नंतर करावा. आधी तो तवा चुलीवरून उतरवावा.