आनंदराव की दामोदरराव?

शासकीय कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाकडे लोक पुष्कळदा एक चमत्कारिक मागणी घेऊन येतात. पणजोबांचे वडील कोण, घराण्यात दत्तक आला होता की काय, हे जुन्या खानेसुमारीच्या कागदांतून काढून द्या, असे ते म्हणतात. इंग्लंडात हे काम होते. तेथे १८५१ पासूनच्या गणनेत घरातील प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले सापडते आणि शंभर वर्षे उलटली की त्या वह्या सर्वांना खुल्या होतात. आपल्याकडे तसे नाही. आपली खानेसुमारी माणसे मोजीत आली. नावांचे कागद बेरजा झाल्यावर नष्ट होत आणि आकडे तेवढे उरत. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याने या नोंदी पाहण्याची वा त्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून दाखल करण्याची वाटच बंद केली आहे. मग एखाद्या मुलाचे पितृत्व शोधायचे कसे? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण झाशीचे आहे. तेथे एका पाच वर्षांच्या मुलाचा बाप कोण, या प्रश्नावर एक राज्य गेले.

झाशीचे नेवाळकर हे मूळचे रत्नागिरीकडील कोट गावचे कऱ्हाडे ब्राह्मण. त्यांची एक शाखा खानदेशात पारोळ्यास राहिली. तेथील भुईकोट किल्ला हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला. दुसरी शाखा पेशव्यांची सुभेदारी करीत बुंदेलखंडात रुजली. या दुसऱ्या शाखेतील गंगाधररावांना व राणी लक्ष्मीबाईंना १८५१ साली मुलगा झाला. तो काही महिन्यांतच गेला. पुढे दोन वर्षांनी राजेसाहेब मरणाच्या दारी आले, तेव्हा पारोळे शाखेतील वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव दत्तक घेण्यात आला. तो दिवस २० नोव्हेंबर १८५३. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले.

आता कागद पाहा. त्या काळी वायव्य प्रांतात खानेसुमारी झाली ती १८५३ च्या आरंभीच. पण झाशी हे तेव्हा स्वतंत्र संस्थान, ते त्या मोजणीत नव्हते. मोजणीत असते तरी हाती एक आकडाच लागता. आपल्याला मुलाची ओळख पटते ती गंगाधररावांनी मेजर एलिस यांना दिलेल्या खलित्यावरून. त्यात मुलाचे वय पाच वर्षे सांगितले आहे, घरातले नाव आनंदराव आणि दत्तक नाव दामोदर गंगाधरराव अशी दोन्ही नावे दिली आहेत, आणि तो नात्याने आपला नातू लागतो असेही म्हटले आहे. हा शेवटचा तपशील मोलाचा आहे. पुढच्या कित्येक पुस्तकांत हा मुलगा ‘चुलतभावाचा मुलगा’ झाला आहे. एक पुस्तक दुसऱ्यावरून लिहिले जाते आणि मूळ खलिता दप्तरात पडून राहतो, त्याचा हा परिणाम. वंशावळीत एक पिढी इकडची तिकडे झाली की वारसाचा दावाही हलतो, याची अशा लेखकांना कल्पना नसावी.

पितृत्वाबद्दल संशय घ्यायला खरे म्हणजे जागा नव्हती. जन्मदाता बाप हयात होता. त्यानेच मुलगा दिला. दानाचा आणि स्वीकाराचा विधी कसा पार पडला हे राणीसाहेबांनी फेब्रुवारी १८५४ मधल्या आपल्या खलित्यात तपशिलाने कळविले. एलिस यांनी तर ओरछा व दतिया येथील दत्तके सरकारने मान्य केली आहेत, मग झाशीलाच वेगळा न्याय का, अशी बाजू मांडली. पण डलहौसीचा प्रश्नच निराळा होता. २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात त्याने मुलगा कोणाचा याची फारशी चिकित्सा केली नाही. सार्वभौम सत्तेच्या मान्यतेवाचून दत्तकाला गादी मिळत नाही, एवढेच धरून ठेवले. १८१७ च्या तहात रामचंद्ररावांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना राज्य कायमचे दिले होते, तेही त्याला आडवे आले नाही. याच घराण्यातला पूर्वीचा एक दाखला मात्र त्याच्या हाती होता. १८३५ मध्ये रामचंद्रराव वारले तेव्हा कृष्णराव नावाच्या मुलाच्या दत्तविधानाचा दावा सरकारने मानला नव्हता आणि चुलते रघुनाथराव यांना गादी दिली होती.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. त्याच निर्णयात दामोदरराव हा गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेचा वारस ठरला! म्हणजे पैशापुरता तो गंगाधररावांचा मुलगा आणि राज्यापुरता वासुदेवरावांचा. आपल्या मराठी रीतीप्रमाणे माणसाच्या नावाच्या मधोमध बापाचे नाव येते. या मुलाच्या नावात मधले नाव कोणते घालायचे, हे कंपनी सरकारने कामापरत्वे बदलते ठेवले. सुमारे सहा लाख रुपये तो सज्ञान होईपर्यंत सरकारी खजिन्यात राहिले. मुलाच्या मुंजीसाठी राणीसाहेबांना त्यांतले एक लाख मागावे लागले. तेही जामीन घेऊन मिळाले.

यात नेवाळकरांचेच दुसरे एक दावेदार होते. पारोळ्याचे सदाशिवराव नारायण यांनी १८५७ च्या जूनमध्ये करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःला झाशीचे महाराज म्हणविले. राणीसाहेबांनी त्यांना तेथून हुसकावले. दत्तकाचे कागद घरातही सर्वांना मान्य होते असे नाही, हे यावरून दिसते.

१८५८ च्या जूनमध्ये राणीसाहेब ग्वाल्हेरीस पडल्या. त्यानंतर हा मुलगा मोजक्या इमानी माणसांसह रानोमाळ फिरला आणि १८६० च्या मे महिन्यात इंदुरास इंग्रजांच्या स्वाधीन झाला. खजिन्यातले ते लाखो रुपये त्याच्या हाती कधीच आले नाहीत. इकडे झाशी शहर १८६१ मध्ये शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत आले. त्यामुळे इंग्रजी मुलखाचा भाग म्हणून ते मोजले गेले ते १८९१ च्या खानेसुमारीत. तोवर दामोदररावांना इंदुरात तीस वर्षे झाली होती. तेथल्या गणनांत ते एक पुरुष, हिंदू, अमुक वयाचे, एवढेच असतील. बापाच्या नावाचा रकानाच त्यांत नव्हता. २८ मे १९०६ रोजी इंदुरास ते वारले. त्यांच्या वंशजांनी नेवाळकर हे आडनाव बाजूस ठेवून झाशीवाले असे लावले.