निश्चलनीकरण, उच्च मूल्याच्या नोटांचे

विशिष्ट मूल्याच्या नोटांचे कायदेशीर चलनत्व सरकारी आदेशाने ठरावीक क्षणापासून संपवणे म्हणजे निश्चलनीकरण. लोकांच्या तोंडी नोटाबंदी. भारतात ते तीनदा झाले : १२ जानेवारी १९४६, १६ जानेवारी १९७८ आणि ८ नोव्हेंबर २०१६. काळ्या पैशाला आळा घालणे हा उद्देश तिन्ही वेळा सांगितला गेला. २०१६ मध्ये त्याला बनावट नोटा आणि दहशतवादाचा अर्थपुरवठा यांची जोड मिळाली. रोकडरहित व्यवहारांवरचा भर पुढच्या काही आठवड्यांत वाढत गेला. मे २०२३ मध्ये २,००० रुपयांची नोट मागे घेण्यात आली, पण तिचे चलनत्व कायम ठेवल्याने ती कारवाई या व्याख्येत बसत नाही.

तर्क : मोठ्या मूल्याच्या नोटेत कमी जागेत जास्त रक्कम मावते, तिच्या हस्तांतराची कुठे नोंद राहत नाही, म्हणून लाच, करचुकवेगिरी आणि तस्करी यांना ती सोयीची पडते. ती अचानक रद्द केली की बेहिशेबी साठा असणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात : बँकेत येऊन हिशेब देणे किंवा नोटांवर पाणी सोडणे. हा तर्क दोन गृहीतांवर उभा आहे. पहिले, काळा पैसा मोठ्या प्रमाणावर नोटांच्या रूपात पडून असतो. दुसरे, बँकेच्या खिडकीशी आलेल्या नोटेवरून तिचा मूळ स्रोत शोधता येतो. भारतातल्या अनुभवात दोन्ही गृहीते कच्ची ठरली. सदनिकेच्या व्यवहारात करारनाम्यावर एक रक्कम असते आणि ‘वरची’ रोख रक्कम हातोहात जाते. ती विकासकाकडून जमीनमालकाकडे, तिथून सराफाकडे किंवा दुसऱ्या भूखंडात जाते. नोट या साखळीत थोडे दिवस थांबते. संपत्ती मुरते ती जमिनीत, सोन्यात, बेनामी मालमत्तेत आणि परदेशी खात्यांत. प्राप्तिकर खात्याच्या छाप्यांत उघड झालेल्या बेहिशेबी उत्पन्नात रोख रकमेचा वाटा २०१६ पूर्वीच्या वर्षांत साधारण ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास राहिला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील समितीनेही २०१२ मध्ये याच कारणासाठी निश्चलनीकरण हा उपाय मानला नव्हता. काळ्या अर्थव्यवस्थेच्या एकूण आकाराबद्दल मात्र एकमत नाही. राष्ट्रीय सार्वजनिक अर्थ व धोरण संस्थेने १९८३-८४ साठी तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १९ ते २१ टक्के धरला, तर प्रा. अरुण कुमार यांचा अलीकडचा अंदाज ६० टक्क्यांवर जातो.

१९४६ : दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग, कंत्राटे आणि टंचाई यांवर पोसलेला काळाबाजार ही पार्श्वभूमी. १२ जानेवारीला दोन वटहुकूम निघाले. पहिल्याने बँकांना आणि सरकारी कोषागारांना १०० रुपये व त्यावरील नोटांच्या शिलकीचे विवरण रिझर्व्ह बँकेला देणे भाग पाडले; दुसऱ्याने ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटांचे चलनत्व संपवले. नोटा बदलून घेणाऱ्याला त्या आपल्याकडे कशा आल्या याचे निवेदन लिहून द्यावे लागे. एकूण १४३.९७ कोटी रुपयांच्या नोटांपैकी १९४७ अखेरपर्यंत १३४.९ कोटींच्या परत आल्या, म्हणजे बुडाल्या त्या ९.०७ कोटींच्याच.

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तेव्हा चिंतामणराव देशमुख होते, या पदावरचे पहिले भारतीय. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील १९४८ च्या काळे स्मारक व्याख्यानात त्यांनी या प्रयोगाचा जो निवाडा केला, तो नोंदकर्त्याच्या मते या विषयावरचा सर्वांत नेमका आहे. हे पाऊल क्रांतिकारक नव्हते, काळाबाजारवाल्यांना जरब बसवण्याचा हेतूही नीट साधला नाही, आणि समोर आलेली नोट कष्टकऱ्याची जन्मभराची पुंजी आहे की काळ्या बाजारातला नफा हे सिद्ध करण्याची बिनचूक प्रशासकीय रीत उपलब्ध नव्हती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ज्याच्या यंत्रणेने ही मोहीम राबवली त्यानेच हे सांगितले, हे लक्षात घ्यायला हवे. ७० वर्षांनी तोच प्रश्न तसाच उभा राहिला.

१९५४ ते १९७७ : १,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटा १९५४ मध्ये पुन्हा चलनात आल्या, ५,००० च्या नोटेवर मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे चित्र होते. प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने (१९७१) निश्चलनीकरणाची शिफारस केली. त्या वेळी यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री होते. त्यांनी हा विषय इंदिरा गांधींपुढे मांडला तेव्हा काँग्रेसला यापुढे निवडणुका लढवायच्या नाहीत का, असा प्रश्न त्यांना ऐकावा लागला, असे माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. या हकिकतीला अन्य लेखी पुरावा दिला जात नाही.

१९७८ : मोरारजी देसाई पंतप्रधान, एच. एम. पटेल अर्थमंत्री, आय. जी. पटेल गव्हर्नर. या वटहुकमाच्या जन्माची हकिकत रिझर्व्ह बँकेच्या इतिहासात तपशिलाने आली आहे. १४ जानेवारीला बँकेच्या मुंबई कार्यालयातील अधिकारी आर. जानकीरामन यांना दिल्लीला बोलावणे आले. तिथे पोचल्यावर एका दिवसात वटहुकमाचा मसुदा तयार करायला सांगितले गेले. गुप्ततेसाठी मुंबईशी संपर्क तोडलेला होता. नमुन्यासाठी १९४६ चा वटहुकूम तेवढा मागवण्याची मुभा मिळाली. १६ तारखेच्या पहाटे राष्ट्रपतींची सही झाली आणि सकाळी ९ च्या आकाशवाणीच्या बातम्यांत वटहुकूम जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी बँका आणि कोषागारे बंद ठेवली.

रद्द झालेल्या नोटा सुमारे १४६ कोटी रुपयांच्या, म्हणजे एकूण चलनाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. १,००० ची नोट सामान्य माणसाच्या हातात तेव्हा पडतच नसे, म्हणून बाजारव्यवहार थांबला नाही. आय. जी. पटेल यांना हे पाऊल पटलेले नव्हते. काळा पैसा सुटकेसमध्ये किंवा उशीत भरून ठेवलेला असतो ही समजूत भाबडी आहे, असे मत त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवले. या वटहुकमाची जागा घेणाऱ्या १९७८ च्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केली.

२०१६ : ८ नोव्हेंबरच्या रात्री पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरचित्रवाणीवरून घोषणा केली आणि मध्यरात्रीपासून ५०० व १,००० च्या नोटा रद्द झाल्या. आधीच्या दोन्ही प्रसंगांपेक्षा हा प्रसंग प्रमाणानेच वेगळा होता : चलनातील मूल्याच्या सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद झाल्या. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त २०१९ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आले. बहुतेक काळा पैसा रोखीत नसून सोने व स्थावर मालमत्तेत असतो आणि त्यावर या निर्णयाचा ठोस परिणाम होणार नाही, ही नोंद त्यात आहे. शिफारस तरीही झाली. पुण्यातील ‘अर्थक्रांती’ या गटाने मोठ्या नोटा काढून घेण्याची मागणी आधीपासून लावून धरली होती. मात्र ती करप्रणाली बदलून बँक व्यवहारावर कर बसवण्याच्या योजनेचा भाग होती. निर्णयावर तिचा किती प्रभाव पडला याविषयी मतभेद आहेत.

अंमलबजावणीत नियम वारंवार बदलले. नोटा बदलण्याची मर्यादा ४,००० वरून ४,५०० आणि मग २,००० झाली, आणि २४ नोव्हेंबरनंतर ही सोयच बंद झाली. तीच माणसे पुन्हा रांगेत येऊ नयेत म्हणून बोटाला मतदानाची शाई लावण्यात आली. लग्नघरांसाठी खात्यातून अडीच लाख काढण्याची वेगळी सवलत द्यावी लागली. नव्या २,००० च्या नोटेची लांबी-रुंदी (१६६ × ६६ मिमी) जुन्या १,००० च्या नोटेपेक्षा कमी होती. त्यामुळे एटीएममधली नोटा ठेवण्याची कॅसेट नव्या मापाला जुळत नव्हती, आणि देशभरातल्या दोन लाखांवर यंत्रांपाशी तंत्रज्ञ पाठवून ती एकेक करून जुळवावी लागली. ज्यांच्या हातात २,००० ची नोट आली त्यांना सुट्टे मिळेनात, कारण मधली ५०० ची नोट बाजारात पुरेशी पोचलेली नव्हती.

परत आलेल्या नोटा : रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के, परत आल्या असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात दिले आहे. न परतलेली रक्कम १०,७२० कोटी. मोठा हिस्सा परत येणारच नाही ही अपेक्षा या आकड्याने खोटी ठरवली. पैसा बँकेत येण्याच्या वाटा अनेक होत्या : इतरांची जनधन खाती, कामगारांना आगाऊ पगार, सराफांकडची मागील तारखेची बिले, बट्टा घेऊन नोटा फिरवणारे दलाल. समर्थकांचे म्हणणे असे की पैसा बँकेत आला म्हणजे त्याला नाव-पत्ता मिळाला. प्राप्तिकर खात्याच्या ‘ऑपरेशन क्लीन मनी’ मोहिमेत जानेवारी २०१७ मध्ये सुमारे १८ लाख व्यक्तींच्या ठेवी उत्पन्नाशी विसंगत आढळल्या, आणि विवरणपत्रांची संख्या वाढली, पण त्यातला किती भाग नोटाबंदीचा आणि किती जुलै २०१७ च्या वस्तू व सेवा कराचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. स्वेच्छेने ५० टक्के कर भरण्याच्या गरीब कल्याण योजनेत सरकारने सांगितल्यानुसार सुमारे ५,००० कोटींचीच घोषणा झाली. गॅब्रिएल चोडोरो-रीच, गीता गोपीनाथ व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार २०१६ च्या अखेरच्या तिमाहीत वाढीचा दर निदान २ टक्के बिंदूंनी घटला. चलनातील रोख मात्र पुढे पूर्वपदावर येऊन २०२२ मध्ये ३० लाख कोटींच्या वर गेली.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका : कोशांतून आणि अहवालांतून या बाजूची नोंद तोकडी राहिली आहे, म्हणून ती येथे सविस्तर दिली आहे. १४ नोव्हेंबर २०१६ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने या बँकांना रद्द नोटा स्वीकारण्यास व बदलण्यास मनाई केली. नागरी सहकारी बँकांना ती मनाई नव्हती. ग्राहकांची ओळख पटवण्याच्या व्यवस्थेबद्दलची शंका आणि या बँकांवरील राजकीय वर्चस्व ही कारणे चर्चेत होती. काही बँकांचा पूर्वेतिहास पाहता शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण महाराष्ट्रात ३१ जिल्हा बँका हा ग्रामीण पतपुरवठ्याचा कणा आहे. गावची विविध कार्यकारी सोसायटी त्यांच्याशी जोडलेली असते, उसाचे बिल आणि दुधाचा पगार पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच शाखेत जमा होतो, आणि ज्या गावात दुसऱ्या कोणत्याही बँकेची शाखा नाही तिथे त्यांची असते. बंदी आली ती रब्बीच्या पेरणीत. शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे दिसत होते, शाखेत देण्यापुरती नवी रोकड नव्हती, आणि घरातल्या जुन्या नोटा त्याच शाखेत भरता येत नव्हत्या. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव काही दिवस थांबले. सुरू झाले तेव्हा व्यापारी धनादेश देऊ लागले, जे वटायला पुन्हा हीच जिल्हा बँक.

१० ते १४ नोव्हेंबर या दिवसांत स्वीकारलेल्या अडीच हजार कोटींहून अधिक रकमेच्या जुन्या नोटा राज्यातील जिल्हा बँकांच्या तिजोऱ्यांत सात महिने पडून राहिल्या. त्या रकमेवर ठेवीदारांना व्याज देणे चालूच होते. रिझर्व्ह बँकेकडे त्या जमा करण्याची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली. तोवर पुणतांब्यापासून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप होऊन गेला होता, आणि खरिपासाठी १०,००० रुपयांची तातडीची उचल द्यायला पैसे नाहीत असे अनेक बँका सांगत होत्या. ८ नोव्हेंबरच्या रात्री ज्या नोटा आधीच तिजोरीत होत्या, त्यांतल्या शंभर कोटींहून अधिक रकमेच्या नोटा राज्यातील ८ बँकांकडून स्वीकारल्या गेल्या नाहीत, आणि ती रक्कम तोट्यात दाखवण्याची सूचना नाबार्डने केली. यंत्रणेवरच्या संशयाची झळ गावच्या खातेदाराने सोसली, हे निश्चलनीकरणाच्या जमाखर्चात धरलेच पाहिजे.

भ्रष्टाचार : लाचखोरीवरील परिणामाचा थेट पुरावा तुटपुंजा आहे. डिसेंबर २०१६ मध्येच प्राप्तिकर छाप्यांत नव्या २,००० च्या नोटांची गठ्ठ्यांनी रोकड सापडू लागली होती. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या निर्देशांकात भारताचे गुण २०१६ मध्ये ४०, २०१७ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ३९ होते. हा निर्देशांक तज्ज्ञ आणि उद्योजकांच्या धारणेवर आधारित आहे. लाच ही अडवणुकीच्या अधिकारातून उपजते आणि तो अधिकार नोटेसोबत रद्द होत नाही. राजकीय पक्षांच्या रोख देणग्यांवर २०१७ मध्ये २,००० रुपयांची मर्यादा आली. सोबत आलेले निनावी निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले.

न्यायालयीन निर्णय : २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ मताने २०१६ चा निर्णय वैध ठरवला. बहुमताचे निकालपत्र न्या. भूषण गवई यांचे. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्न मत नोंदवले : प्रस्ताव सरकारकडून आलेला असल्याने तो अधिसूचनेने नव्हे, संसदेच्या कायद्याने अमलात यायला हवा होता. उद्देश साध्य झाला की नाही हा प्रश्न न्यायालयाने निर्णायक मानला नाही.

२,००० ची नोट : छपाई २०१८-१९ नंतर थांबली. १९ मे २०२३ रोजी ती मागे घेण्याची घोषणा झाली तेव्हा ३.५६ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. बदलण्यासाठी चार महिन्यांहून अधिक मुदत मिळाली, ती एकदा वाढवलीही; नंतरही रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत सोय ठेवली गेली. ९८ टक्क्यांहून अधिक नोटा परतल्या, रांगा फारशा लागल्या नाहीत.

इतर देश : म्यानमारने १९८७ मध्ये २५, ३५ व ७५ क्यातच्या नोटा मोबदल्याविना रद्द केल्या, १९८८ च्या उठावाच्या कारणांत त्याची गणना होते. अमेरिकेने १०० डॉलरवरील नोटांचे वितरण १९६९ मध्ये थांबवले. गुन्हेगारीतील वापर हे कारण देऊन युरोपीय मध्यवर्ती बँकेने ५०० युरोच्या नोटेची छपाई थांबवण्याचा निर्णय मे २०१६ मध्ये घेतला आणि वितरण २०१९ मध्ये संपवले. ती नोट वैध आहे आणि बदलून घेण्यास कालमर्यादा नाही.