शाईचा ढब्बू

संसाराच्या जमाखर्चात ग्रंथांचे खाते कोणत्या बाजूस मांडावे, हा प्रश्न आमच्यासारख्या मध्यम स्थितीतील कुटुंबांत नित्य उपस्थित होतो. परळी वैजनाथ येथील आमच्या बिऱ्हाडात गेल्या पाडव्यास असा ठराव झाला होता की, वर्षभर एकही नवे पुस्तक विकत आणावयाचे नाही. तो आम्ही तीन महिन्यांत मोडला. मोडला तोही दासोपंतांच्या ‘पासोडी’च्या छापील प्रतीसाठी. तेव्हा बचावास इतिहासाचे साहाय्य घेणे प्राप्तच झाले.

येथून सुमारे २५ किलोमीटरांवर अंबाजोगाई आहे. तेथे दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे २४ हात लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ स्वहस्ते लिहून काढले. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्याच सव्वा लाख सांगतात, आणि त्यांना रोज एका ढब्बूची शाई लागे अशी आख्यायिका आहे. ज्या काळी एका पोथीची नक्कल म्हणजे लेखकाचे महिनोन्‌महिने, त्या काळाच्या मानाने आमची छापील प्रत फुकटच म्हणावयाची!

दुसरा दाखला अधिक जवळचा. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथे शिकत असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदे संस्थानच्या तुटपुंज्या विद्यार्थिवेतनातून, पोटाला चिमटा घेऊन, सुमारे २,००० जुनी पुस्तके जमविली. १९१७ साली लंडनहून परतताना दुसऱ्या बोटीने धाडलेले त्यांचे ग्रंथ शत्रूच्या पाणतीराने समुद्रार्पण झाले. तरीही पुढे त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते ग्रंथांना जागा व्हावी म्हणून.

हे सर्व आम्ही मोठ्या आवेशाने ऐकविले. घरातील मंडळींनी सुपातल्या ज्वारीवरून मान वर न करता एवढेच विचारले, “आणि त्या वेळी इकडे रमाबाई काय खात होत्या?”

आम्ही निरुत्तर झालो. चरित्रकारांनी रमाबाईंच्या हालअपेष्टा लिहिल्या आहेत. पण आम्ही पुस्तकांचा आकडा तेवढा तोंडपाठ ठेवला आणि ती पाने भरभर उलटली होती. ढब्बूचेही तेच. शाई किती लागे हे आख्यायिकेने सांगितले; तो ढब्बू कोण काढून देई, हे विचारण्याची गरज आम्हांस कधी भासली नाही.

पुस्तक परत केलेले नाही. त्याची किंमत आमच्या दुपारच्या चहातून वळती होत आहे, आणि ‘पासोडी’चे वाचनही त्याच मोकळ्या झालेल्या वेळी चालते.