शेऱ्याचा रकाना

पदव्युत्तर वर्गात एकदा मी विद्यार्थ्यांना सांगितले होते की, घरात असलेला, पण ज्याला कोणी साहित्य म्हणणार नाही असा एखादा लिखित दस्तऐवज घेऊन या. बहुतेकांनी जुनी पत्रे, जन्मपत्रिका, जमाखर्चाच्या वह्या आणल्या. एकाने मात्र कापडी पाठीची, लांबट आकाराची एक नोंदवही आणली. त्याचे वडील दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या कार्यालयीन इमारतीत वातानुकूलन यंत्रणेचे ऑपरेटर होते. पुढे जुना प्लांट मोडीत निघाला, तेव्हा वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या रद्दीत गेल्या. ही एक वाचली, कारण तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांच्या घरचा दूध आणि वाण्याचा हिशेब होता. वही 1988 सालची.

पहिल्या दर्शनी ती कमालीची रुक्ष आहे. प्रत्येक पानावर तासातासाच्या ओळी आणि उभे रकाने : थंड पाण्याचे तापमान जाताना किती, परतताना किती, कंडेन्सरचा दाब, तेलाचा दाब, मोटरचे अँपिअर. शेवटचा रकाना 'शेरा'. बहुतेक पानांवर तो कोराच आहे.

या आकड्यांचा अर्थ लावायचा तर यंत्रणेची ढोबळ कल्पना हवी. मोठ्या इमारतीत खोलीखोलीला यंत्र नसते. तळघरात किंवा स्वतंत्र प्लांट रूममध्ये चिलर असतो. तो पाणी सुमारे 7 अंशांपर्यंत थंड करतो. ते पाणी नळांतून मजल्यामजल्यावरच्या हवेच्या पेट्यांत जाते, तिथल्या हवेतली उष्णता घेते आणि सुमारे 12 अंशांवर परत येते. ही गोळा केलेली उष्णता दुसऱ्या एका पाण्याच्या फेऱ्याबरोबर गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जाते आणि तिथे वाऱ्यावर सोडली जाते. तात्पर्य, गारवा निर्माण होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकली जाते. हे वाहणे अखंड चालू ठेवण्यासाठी गाळण्या धुवाव्या लागतात, पट्टे बदलावे लागतात, निचऱ्याच्या तबकात साचलेला गाळ काढावा लागतो, आणि कंडेन्सरच्या नळ्यांत आतून क्षार धरला की त्या ब्रशने घासाव्या लागतात.

एवढे कळल्यावर मी वही पुन्हा वाचली, आणि रुक्षपणाखालून एक कथानक दिसू लागले. मार्चपासून कंडेन्सरचा दाब किंचित किंचित चढतो आहे. एका दिवसाचा आकडा पाहून काहीच कळत नाही. आठवड्याआठवड्याची पाने शेजारी ठेवली तरच चढण दिसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात वरच्या मजल्यांवरून उकाड्याच्या तक्रारी येऊ लागतात. मग एका रविवारी नळ्या घासल्याची नोंद आहे आणि सोमवारी दाब खाली आलेला आहे. ज्यांच्यासाठी हे झाले त्यांना सोमवारी फार तर आज बरे वाटते आहे इतकेच जाणवले असेल. मला या वहीविषयी जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. गारवा नीट असतो तेव्हा त्याच्यामागच्या माणसाचा शेरा कोरा असतो. बिघाड होतो तेव्हाच तो माणूस कागदावर उमटतो. आणि इतिहास तर कागदावरूनच लिहिला जातो.

ही स्थिती यंत्राने आणलेली नाही. वीज येण्यापूर्वी हिंदुस्थानातल्या कचेऱ्या आणि न्यायालयांत छताला झालरीचा मोठा पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून, कप्पीवरून बाहेरच्या व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला माणूस ती तासन्‌तास ओढत राही. हे भिंतीतले भोक मला फार बोलके वाटते. वारा आत आला पाहिजे, वारा घालणारा दिसता कामा नये, अशी ती रचना होती. उत्तरेकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावून भिस्ती त्यांच्यावर पाणी मारत. मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नव्हता. म्हणून 1874 मध्ये पूर्ण झालेल्या जुन्या सचिवालयासारख्या इमारतींनी पश्चिमेच्या समुद्राकडे व्हरांडे उघडले आणि मदार वाऱ्यावर ठेवली. उरलेला भार पंखा ओढणाऱ्यावर.

हा पंखेवाला जुन्या कागदपत्रांत कुठे भेटतो? मुख्यतः फौजदारी खटल्यांत. त्याला डुलकी लागली, पंखा थांबला, साहेबाने लाथ मारली, तो मेला. आणि मलेरियाने त्याची प्लीहा आधीच सुजलेली होती असा बचाव होऊन साहेब किरकोळ दंडावर सुटला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे खटले इतके झाले की लॉर्ड कर्झनसारख्या व्हाइसरॉयलाही त्यांची दखल घ्यावी लागली. जे हजारो पंखेवाले जागे राहिले, त्यांच्याविषयी कागद मौन आहे. साहित्यात त्याला मानाची जागा मिळाल्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे फॉर्स्टरची 1924 मधली 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी. तिच्यातल्या खटल्याच्या प्रसंगी न्यायालयात पंखा ओढणारा माणूस लेखकाने अगदी समोर आणून बसवला आहे. परंतु त्याला भोवती काय चालले आहे याची जाणीवच नाही, तो जणू दैवतासारखा अलिप्त आहे, असे ते चित्रण आहे. त्याला दृश्य करतानाही फॉर्स्टरने त्याचे भान काढून घेतले, असा माझा जुना आक्षेप आहे. असो.

त्याच काळात थंडीच्या देशात प्रश्न उलटा होता, पण माणसाची जागा तीच होती. डेव्हिड बॉस्वेल रीड या स्कॉटिश वैद्य-रसायनज्ञाने लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलसाठी आखलेली यंत्रणा पुष्कळदा आधुनिक वातानुकूलनाची पूर्वज मानली जाते. ही इमारत 1854 मध्ये खुली झाली. बाहेरची हवा तळघरात ओढून घ्यायची, हिवाळ्यात गरम पाण्याच्या नळांवरून आणि उन्हाळ्यात थंड पाण्याच्या सान्निध्यातून न्यायची, वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या पंख्यांनी वर ढकलायची, असा तो बेत होता. वास्तुकलेच्या इतिहासात रीडचे नाव आहे, ते योग्यच आहे. परंतु कोणत्या दालनाला किती हवा जावी हे ठरत असे ते भिंतींच्या पोटातल्या किनतानाच्या झडपांवरून; आणि त्या झडपा हातांनी उघडण्या-मिटण्यासाठी इमारतीच्या आतड्यांत माणसांचा एक ताफाच वावरत असे. त्याआधी लंडनच्या पार्लमेंटमध्ये रीडने असाच प्रयोग केला होता. तिथे एका सभासदाला उकडे तेव्हाच दुसऱ्याला हुडहुडी भरे. वास्तुविशारद चार्ल्स बॅरीशी त्याचे हाडवैर झाले आणि 1852 मध्ये त्याला जावे लागले. एकाच दालनातून एकाच वेळी आलेल्या 'गरम होते' आणि 'गार लागते' या दोन तक्रारी, हा या व्यवसायातला अजूनही न सुटलेला पेच आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या वहीतही तो आहे.

मग यंत्र आले. इथे आपल्यासारख्या छापील शब्दावर जगणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा एक योगायोग आहे. 1902 मध्ये विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने ज्या यंत्रणेचा आराखडा केला, ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी होती. दमटपणाने कागद फुगे-आकसे आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. उपाय हवा होता तो कागदासाठी, माणसासाठी नव्हे. कचेरीतल्या माणसाची पाळी नंतर आली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ येथे 1928 मध्ये उभी राहिलेली 21 मजली मिलाम इमारत ही बांधतानाच पूर्णतः वातानुकूलित केलेली अमेरिकेतली पहिली उंच कार्यालयीन इमारत मानली जाते. पुढे खिडकीचे महत्त्व कमी होत गेले. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या लांब बाजूंना काचेच्या भिंती आल्या. उन्हाला बाहेरच अडवणारे आडोसे हवेत, असा ल कॉर्ब्युझिएचा आग्रह होता. तो मानला गेला नाही, आणि आत येणाऱ्या उष्णतेचा निकाल यंत्रांवर सोपवून 1950 मध्ये ती इमारत वापरात आली. वास्तुविशारदाने सोडलेला प्रश्न तळघरातल्या माणसाने रोज सोडवायचा, अशी ही श्रमविभागणी होती. नरिमन पॉइंटवर सत्तरच्या दशकात ज्या कार्यालयीन इमारती उठल्या त्याही याच वंशातल्या. फरक इतकाच की तिथे समुद्राची खारी हवा धातू खात असते.

खिडकी बंद झाली की देखभाल करणाऱ्याच्या हाती एक नवी गोष्ट येते : आतल्या सर्वांचा श्वास. हे जगाला कळले ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या पाँटिअॅक गावी. जुलै 1968 मध्ये तिथल्या एका सरकारी कार्यालयात माणसे भराभर तापाने पडू लागली. इमारतीत काम करणाऱ्या 100 जणांपैकी 95 जण आजारी झाले. भेटीला आलेले धरून आकडा निदान 144 वर गेला. तपासासाठी आलेले रोगतज्ज्ञही वातानुकूलन चालू असताना आत गेले आणि आजारी पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. विशेष म्हणजे हे कार्यालय खुद्द आरोग्य खात्याचे होते. तपासात संशय स्थिरावला तो सदोष यंत्रणेवर : कंडेन्सरची बाहेर जायची दमट वाफ हवेच्या नळातल्या दोषांमुळे आतल्या थंड हवेत मिसळत होती. गिनीपिग त्या हवेत ठेवून पाहिले, तेही आजारी झाले. पण वाफेत नेमके काय होते ते सापडले नाही. रक्ताचे नमुने गोठवून ठेवण्यात आले.

आठ वर्षांनी, जुलै 1976 मध्ये, फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले आणि न्यूमोनियासारख्या अनोळखी रोगाने 34 माणसे मेली. जानेवारी 1977 मध्ये जोसेफ मॅकडेड यांनी त्याचा जिवाणू ओळखला. तेव्हा पाँटिअॅकचे गोठवलेले नमुने बाहेर काढले गेले आणि तिथेही हाच जिवाणू होता हे ठरले. कोमट, साचलेल्या, गाळ धरलेल्या पाण्यात तो वाढतो आणि तुषारांतून पसरतो. म्हणजे न धुतलेला कूलिंग टॉवर हे त्याचे उत्तम घर. न्यूयॉर्क शहरात 2015 मध्ये साउथ ब्राँक्स भागात अशाच टॉवरमधून साथ पसरल्यावर शहरातल्या प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी आणि ठरावीक तपासणी कायद्याने सक्तीची झाली. टॉवर धुतल्याची साधी नोंद कायद्याचा कागद झाली, ती माणसे मेल्यानंतर.

वातानुकूलनाचा इतिहास बहुधा शोधकांचा म्हणून लिहिला जातो. त्यांना दोष देण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. वाङ्मयेतिहासात लेखक असतो. खिळे जुळवणारा आणि मुद्रिते तपासणारा नसतो. आपल्या कामगारसाहित्यात गिरणी आहे, गोदी आहे. प्लांट रूम निदान माझ्या वाचनात नाही. गिरणीचा भोंगा साऱ्या परळला ऐकू जात असे. चिलरची घरघर मजल्यांवर पोहोचू नये यासाठी तर पाया वेगळा घालतात.

वहीकडे परत येते. तिच्यात दर काही आठवड्यांनी गॅस भरल्याची नोंद आहे. त्या प्लांटमधला गॅस, विद्यार्थ्याने वडिलांना विचारून सांगितल्याप्रमाणे, आर-11 होता. त्याचे वैशिष्ट्य असे की चिलरच्या थंड बाजूला दाब वातावरणाहून कमी असतो. गळती झाली तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आत येते. ती हवा काढून टाकावी लागते आणि काढताना थोडा गॅसही निसटतो, म्हणून पुन्हा भरायचा. 1988 मध्ये ती कर्तव्यदक्षतेची नोंद होती. अशा गॅसांनी ओझोनचा थर झिजतो हे रोलंड आणि मोलिना यांनी 1974 मध्ये मांडले होते, माँट्रिअलचा करारही 1987 मध्ये झाला होता; पण भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला आणि विकसनशील देशांत हे गॅस बंद व्हायला 2010 उजाडले. आज तीच ओळ वाचणाऱ्याला वातावरणात किती गॅस गेला याचा पुरावा वाटते. लिहिणाऱ्याच्या मनात हा अर्थ नव्हता. संहितेचे अर्थ काळानुसार बदलतात हे आपण वर्गात शिकवतो; त्याला इतके रोकडे उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही.

मात्र वहीला भाबडेपणाने साक्षीदार मानायचेही कारण नाही. रात्री इमारत बंद असली तरी एका मजल्यावरच्या संगणक कक्षासाठी लहान यंत्र चालू ठेवावे लागे आणि रात्रपाळीलाही तासातासाला आकडे लिहावे लागत. जूनमधल्या एका रात्री दोन, तीन आणि चार वाजताच्या ओळी तंतोतंत सारख्या आहेत : तापमाने तीच, दाब तोच, अँपिअर तेच, आणि तिन्ही ओळींची शाईही एकाच दमात लिहिल्यासारखी. मी विद्यार्थ्याला ते दाखवले आणि वडिलांना विचारायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला. रात्री यंत्रावरचा भार बदलत नाही, त्यामुळे आकडे तेच येतात, असे वडील म्हणाले. मग थोड्या वेळाने, जेवताना, ते आपल्याशीच हसले.