दोन कोष्टकांत विभागलेला गोलरक्षक

फुटबॉलच्या इतिहासग्रंथांच्या अखेरीस देशनिहाय कोष्टके असतात. ऑस्ट्रियाच्या कोष्टकात रुडी हिडेन या गोलरक्षकाच्या नावापुढे २० आंतरराष्ट्रीय सामन्यांची नोंद आहे. फ्रान्सच्या कोष्टकात त्याच नावापुढे १ हा आकडा आहे. दोन्ही नोंदी अचूक आहेत. परंतु या दोन आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एका माणसाचे स्थलांतर दडलेले आहे आणि त्याची दखल दोन्ही कोष्टके घेत नाहीत. चरित्र आणि इतिहास यांच्या नात्याचा विचार करणाऱ्यांनी अशा रिकाम्या जागांकडे लक्ष द्यायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हिडेनचा जन्म १९०९ साली ग्राझ येथे झाला. विशीच्या आतच तो व्हिएन्नाच्या वीनर एसी या क्लबात दाखल झाला. ऑस्ट्रियाने १९२४ साली व्यावसायिक लीग सुरू केली होती. युरोपच्या मुख्य भूमीवरील ती पहिलीच. म्हणजे फुटबॉल हे तेथे उघडपणे पोट भरण्याचे साधन झालेले होते. हिडेन हा या नव्या व्यवसायाचा कारागीर होता. त्याच्याकडे मजुरी करणारा माणूस म्हणून पाहिले तरच त्याच्या आयुष्यातील पुढील घटनांचा अर्थ लागतो.

मे १९३० मध्ये इंग्लंडचा संघ व्हिएन्नाला आला. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी गोल राखणाऱ्या एकवीस वर्षांच्या हिडेनला मिळवण्याचा ध्यास लंडनच्या आर्सेनल क्लबचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने घेतला. त्याच उन्हाळ्यात दोन्ही क्लबांत बोलणी होऊन व्यवहार ठरला आणि हिडेन इंग्लंडला निघाला. तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहोचला खरा, पण अधिकाऱ्यांनी त्याला आत येऊ दिले नाही. १९२० पासून परकीय कामगाराला नेमण्यासाठी मालकाने श्रम मंत्रालयाचा परवाना मिळवणे ब्रिटनमध्ये बंधनकारक होते. १९३० च्या त्या उन्हाळ्यात देशातील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेलेली होती. खेळाडूंच्या संघटनेचाही विरोध होता. एका इंग्रज गोलरक्षकाची भाकरी परक्याने का खावी, असा तो साधा प्रश्न होता.

हा प्रश्न केवळ परकेपणाचा नव्हता, हे त्याच हंगामातील दुसऱ्या एका घटनेवरून दिसते. हिडेन न मिळाल्यावरही आर्सेनलच्या गोलात परदेशी माणूस उभा राहिलाच. गेरार्ड कायझर हा डच गोलरक्षक हंगामाच्या प्रारंभी आर्सेनलकडून खेळला आणि त्या हंगामात क्लबने आपले पहिले लीग विजेतेपदही मिळवले. कायझर हौशी खेळाडू होता, वेतन घेत नव्हता. म्हणजे परका खेळला तर चालत होते. त्याने त्या खेळाची मजुरी मागितली की सीमा उभी राहत होती. पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने परदेशी व्यावसायिकासाठी दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. ती १९७८ पर्यंत टिकली. एका तरुणाला माघारी पाठवण्यातून सुरू झालेली गोष्ट जवळपास अर्धशतकाचे धोरण होऊन बसली.

हिडेन व्हिएन्नाला परतला आणि ऑस्ट्रियन फुटबॉलच्या सर्वाधिक वैभवाच्या काळाचा साक्षीदार झाला. ह्यूगो माइस्लने घडवलेला हा संघ ‘वुंडरटीम’, म्हणजे अद्भुत संघ, म्हणून ओळखला जातो. मे १९३१ मध्ये त्याने स्कॉटलंडला ५-० असे हरवले. पाठोपाठ जर्मनीला बर्लिनमध्ये ६-० आणि सप्टेंबरात व्हिएन्नात ५-० असे नमवले. सलग चौदा सामने हा संघ अजिंक्य राहिला. ही मालिका ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर खंडित झाली. इंग्लंडने तो सामना ४-३ असा जिंकला, पण पाहुण्यांच्या खेळाची वाखाणणी झाली. त्या दिवशी ऑस्ट्रियाचा गोल हिडेनच राखत होता. ज्या देशाने त्याला दोन वर्षांपूर्वी दारातून परतवले, त्याच देशात तो आता सन्मानाने आला होता. माणूस तोच, कसब तेच. फरक इतकाच, की तेव्हा तो कामगार म्हणून आला होता आणि आता राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून.

फ्रान्समध्ये १९३२ साली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि लंडनचे बंद दार पॅरिसमध्ये उघडले. १९३३ मध्ये हिडेन रेसिंग क्लब दि पॅरिसमध्ये रुजू झाला. त्याच सुमारास लिंझचा ऑगुस्ट जॉर्डन हाही ऑस्ट्रियन खेळाडू तेथे आला. १९३६ साली रेसिंगने लीग आणि फ्रेंच चषक दोन्ही जिंकले. पुढे १९३९ आणि १९४० मध्ये पुन्हा चषक मिळवला. मात्र या निवडीची किंमत होती. १९३४ च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाच्या गोलात पीटर प्लात्झर उभा होता. हिडेनची ऑस्ट्रियाच्या कोष्टकातील नोंद २० वर थांबली, ती कायमची.

आणि मग तो देशच नकाशावरून गेला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. विश्वचषकासाठी पात्र ठरलेला ऑस्ट्रियन संघ मागे घेण्यात आला आणि त्यातील काही खेळाडूंना जर्मनीच्या संघात सामावून घेतले गेले. तो संघ जूनमध्ये पॅरिसमध्ये स्वित्झर्लंडकडून हरून स्पर्धेबाहेर पडला. त्याच स्पर्धेत लिंझचा जॉर्डन फ्रान्सच्या बाजूने खेळत होता. हिडेननेही फ्रेंच नागरिकत्व स्वीकारले आणि २८ जानेवारी १९४० रोजी पोर्तुगालविरुद्ध तो फ्रान्सकडून उतरला. फ्रान्सने सामना ३-२ असा जिंकला. तेव्हा फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पुकारले जाऊन जवळपास पाच महिने झाले होते, आणि हिडेनची जन्मभूमी त्या जर्मनीचा भाग होती. कोष्टकातील तो एकाकी ‘१’ या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

वुंडरटीमची आठवण साहित्याने जपली ती मुख्यतः मथियास सिंडेलारच्या रूपाने. तो व्हिएन्नातच राहिला, जर्मनीच्या संघातून खेळला नाही आणि जानेवारी १९३९ मध्ये विषारी वायूने मृत झाला. फ्रीडरिश टोरबर्गने त्याच्यावर कविता लिहिली आणि सिंडेलार प्रतिकाराचे प्रतीक झाला. पुढे संशोधकांनी दाखवून दिले, की त्याने १९३८ मध्ये घेतलेले कॅफे एका ज्यू मालकाकडून हिरावले गेलेले होते. प्रतीक आणि माणूस यांच्यात असे अंतर पडतेच. पण विशेष हे, की ती कविता लिहिणारा टोरबर्ग स्वतः नाझींमुळे देशोधडीला लागलेला लेखक होता. देश सोडाव्या लागलेल्या कवीलाही शोकगीतासाठी जो मागे राहिला तोच नायक जवळचा वाटला.

हे समजण्याजोगे आहे. मागे राहून मरणाऱ्याच्या कथेला एक गाव आणि एक शेवट असतो. पोटासाठी देश बदलणाऱ्याच्या कथेत ही एकात्मता नसते. हिडेनने युद्धानंतर इटलीत प्रशिक्षक म्हणून काम केले, तो पुन्हा ऑस्ट्रियात परतला आणि १९७३ साली व्हिएन्नात वारला. त्याच्या नावे हौतात्म्य नाही, द्रोहही नाही. तो कामाच्या शोधात हिंडला. जेथे परवाना मिळाला नाही तेथून परतला आणि जेथे मिळाला तेथे खेळला. विसाव्या शतकातील असंख्य माणसांचे चरित्र याहून वेगळे नाही. वाङ्मयेतिहासातही आपण लेखकांना देशांच्या आणि भाषांच्या रकान्यांत बसवतो, तेव्हा २० आणि १ यांची बेरीज करायची राहून जाते. ती केली, की हिडेनच्या नावापुढे एकवीस सामने लिहावे लागतात. असा रकाना मात्र कोणत्याही देशाच्या कोष्टकात नाही.